कॅलिफोर्नियातील मंडळाची कार्यकारिणी सभासदांचा मताधिकार स्वतःच्या ठरावाने रद्द करू शकते का?

दक्षिणखाडीकर (प्रश्न)

नमस्कार. उत्तर कॅलिफोर्नियातील एका मराठी मंडळाचा मी बऱ्याच वर्षांपासून आजीव सभासद आहे. आमचे मंडळ १९८०च्या दशकात राज्याकडे नॉनप्रॉफिट पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन (लोकहितासाठीची ना-नफा संस्था) म्हणून नोंदवले गेले आणि पुढे त्याला केंद्रीय करखात्याकडून ५०१(सी)(३)चा, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा मिळाला. आमच्या घटनेत, म्हणजे ज्याला इथले वकील बायलॉज म्हणतात त्यात, वार्षिक व्यक्तिगत, वार्षिक कौटुंबिक, विद्यार्थी आणि आजीव असे सभासदत्वाचे चार प्रकार आहेत, आणि "कार्यकारिणीची निवड वार्षिक सर्वसाधारण सभेत उपस्थित सभासद बहुमताने करतील" असे स्पष्ट कलम आहे.

अडचण अशी की ही सभा संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात घेतली जाते आणि घटनेने सांगितलेली एकतृतीयांश गणसंख्या कधीच भरत नाही. मग गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच सभागृहात पुन्हा सुरू होते आणि हजर असतील तेवढ्यांच्या संमतीने नवी कार्यकारिणी जाहीर होते. आजवर यावर कोणी आक्षेप घेतला नव्हता. या वर्षी मात्र कार्यकारिणीने सर्वांना ईमेल पाठवून कळवले की पुढील जानेवारीपासून मंडळाला "सभासद" राहणार नाहीत, वर्गणी भरणारे सर्वजण "आश्रयदाते" होतील आणि नऊ जणांचे संचालक मंडळ आपले उत्तराधिकारी स्वतःच निवडेल. आपण ५०१(सी)(३) संस्था असल्याने सभासद ठेवणे बंधनकारक नाही, म्हणून हा बदल कार्यकारिणीच्या ठरावाने होऊ शकतो, असे कारण त्यात दिले आहे.

आम्ही काही जणांनी सह्या करून विशेष सभा मागितली, तेव्हा विशेष सभा बोलावण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांना आहे असे उत्तर आले. इतर सभासदांशी संपर्क साधता यावा म्हणून यादी मागितली, तर ती खासगीपणाच्या कारणास्तव नाकारली गेली. मला कोणाला न्यायालयात खेचायचे नाही. कार्यकारिणीतील माणसे गणपतीच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मखर उभारणारी, स्वतःच्या खिशातून खर्च करणारी आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली, वास्तुनिधीला देणगी दिली, त्यांचे मत असे एका ईमेलने जाऊ शकते का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

हिशेबनीस

मी वकील नाही. कॅलिफोर्नियातील काही लहान ना-नफा संस्थांचा खजिनदार आणि चिटणीस म्हणून काम केल्यामुळे हा कायदा मला वारंवार वाचावा लागला आहे, तेवढ्या आधारावर लिहितो. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी ना-नफा संस्थांचे काम करणाऱ्या वकिलाला घटनेची प्रत दाखवावी.

सर्वांत आधी ५०१(सी)(३)चा मुद्दा बाजूला काढू, कारण या चर्चेत सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो दर्जा कराचा आहे. संस्थेला सभासद असावेत की नसावेत, सभा कशी बोलवावी, मत कोणाला असावे, हे करखाते ठरवत नाही. ते राज्याचा कायदा आणि तुमची स्वतःची घटना ठरवते. करखाते फक्त विचारते. वार्षिक जमा दोन लाख डॉलर किंवा मालमत्ता पाच लाख डॉलर यांच्या पुढे गेली की फॉर्म ९९० हे करखात्याचे वार्षिक माहितीपत्रक पूर्ण भरावे लागते, आणि त्याच्या सहाव्या भागात संस्थेला सभासद आहेत का, संचालक निवडण्याचा अधिकार त्यांना आहे का आणि संचालक मंडळाचे काही निर्णय त्यांच्या मंजुरीवर अवलंबून आहेत का, असे लागोपाठ तीन प्रश्न येतात. तुमचे मंडळ हा फॉर्म भरत असेल तर मागील वर्षांच्या प्रती मिळवून तिथे काय उत्तर दिले आहे ते जरूर पाहा. हे फॉर्म सार्वजनिक असतात. दरवर्षी "होय" लिहिणाऱ्या संस्थेला आता "आमचे सभासद कायदेशीर अर्थाने सभासद नव्हतेच" असे म्हणणे जड जाईल.

आता मूळ कायदा. १ जानेवारी १९८० पासून लागू असलेल्या कॅलिफोर्नियाच्या ना-नफा कॉर्पोरेशन कायद्याच्या कलम ५०५६ प्रमाणे, आर्टिकल्समधील (म्हणजे संस्था राज्याकडे नोंदवतानाच्या मूळ दस्तऐवजातील) किंवा बायलॉजमधील विशिष्ट तरतुदीने ज्या व्यक्तीला संचालक निवडण्यासाठी, किंवा संस्थेची सर्व वा जवळपास सर्व मालमत्ता विकणे, विलीनीकरण किंवा विसर्जन यांवर मत देण्याचा हक्क मिळतो, ती व्यक्ती सभासद होय. तिला संस्था काय नावाने हाक मारते याला महत्त्व नाही. उलट बाजूने, कलम ५३३२ संस्थांना अशी मुभा देते की मताधिकार नसलेल्या देणगीदारांनाही त्या "सभासद" म्हणू शकतात. संग्रहालयाचे वार्षिक कार्ड घेणारा माणूस असा नुसत्या नावाचा सभासद असतो. तुमच्या घटनेतील जे कलम तुम्ही उद्धृत केले आहे, त्याने मताधिकार दिलेला दिसतो. त्यामुळे उद्या सर्वांना "आश्रयदाते" म्हटले तरी ते कलम जोवर वैध रीतीने बदलत नाही तोवर तुम्ही कायद्याचे सभासद आहात.

एक गोष्ट मात्र बारकाईने तपासा. अनेक मंडळांत कार्यकारिणी आणि विश्वस्त मंडळ अशी दोन वेगळी मंडळे असतात. कायद्याला "संचालक" म्हणून अभिप्रेत असलेले मंडळ जर विश्वस्तांचे असेल आणि सभासद फक्त कार्यक्रम करणाऱ्या समितीची निवड करत असतील, तर केवळ त्या मतामुळे कलम ५०५६चे सभासदत्व सिद्ध होत नाही. घटनेत संचालक मंडळाचे अधिकार कोणाकडे दिले आहेत आणि फॉर्म ९९० मध्ये संचालक म्हणून कोणाची नावे आहेत, यावरून याचा उलगडा होईल.

कार्यकारिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कलम ५३१० प्रमाणे सभासद नसलेली संस्था काढता येते, आणि आर्टिकल्स किंवा बायलॉज सभासदांविषयी काहीच बोलत नसतील तर संस्थेला सभासद नाहीत असेच धरले जाते. अशा संस्थेत सभासदांनी करावयाची कामे संचालक मंडळच करते. पण ही मुभा सुरुवातीला असते. एकदा मत दिल्यावर ते परत घेण्याची वाट वेगळी आहे. कलम ५१५० संचालक मंडळाला बायलॉज बदलण्याचा सर्वसाधारण अधिकार देते, परंतु ज्या बदलाने सभासदांच्या मताधिकारावर भरीव आणि प्रतिकूल परिणाम होतो तो बदल मंडळ एकट्याने करू शकत नाही. मताधिकार मुळातच नाहीसा करण्याहून अधिक प्रतिकूल बदल मला तरी सुचत नाही. शिवाय सगळी सभासदत्वे किंवा त्यांचा एखादा संपूर्ण वर्ग संपुष्टात आणणाऱ्या दुरुस्तीसाठी कलम ५३४२ स्वतंत्र अट घालते: त्यावर सभासदांचे मतदान होण्यापूर्वी किमान ४५ आणि जास्तीत जास्त ९० दिवस आधी त्यांना लेखी सूचना मिळाली पाहिजे. आलेले ईमेल ही निर्णय कळवणारी सूचना होती. मत मागणारी नव्हती.

विशेष सभेबाबत तुम्हाला दिलेले उत्तर मला पटत नाही. कलम ५५१० नुसार एकूण सभासदांपैकी पाच टक्के किंवा अधिक जण कायदेशीर हेतूसाठी विशेष सभा बोलावू शकतात; मतदार सभासद ४०० असतील तर २० सह्या पुरतात. लेखी मागणी अध्यक्ष किंवा चिटणीस यांच्या नावे पोहोचली की संचालक मंडळाने सभेची तारीख ठरवायची असते, आणि ती मागणी मिळाल्यापासून ३५ ते ९० दिवसांच्या आतली असावी लागते. वीस दिवसांत सूचना निघाली नाही तर मागणी करणाऱ्यांना स्वतः सूचना काढण्याचा अधिकार कलम ५५११ देते, किंवा सुपिरियर कोर्ट तसा आदेश देऊ शकते. म्हणून मागणीपत्रावर तारीख घाला, सभेचा विषय नेमक्या शब्दांत लिहा आणि ते पोहोचल्याची पावती जपून ठेवा.

यादीचेही तसेच आहे. सभासद म्हणून असलेल्या हिताशी संबंधित हेतू लेखी नमूद करून पाच कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना दिल्यास सभासदांची नावे, पत्ते आणि मताधिकार पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा हक्क कलम ६३३० देते. खासगीपणाची चिंता अगदी रास्त आहे आणि कायद्याने तिची सोयही केली आहे: संस्था दहा कामकाजाच्या दिवसांत दुसरा वाजवी मार्ग सुचवू शकते, जसे की तुमचे पत्र मंडळानेच सर्व सभासदांना पाठवणे. तुमचा उद्देश इतरांपर्यंत पोहोचणे एवढाच असेल तर हा मार्ग आपणहून सुचवा. त्याने तंटा कमी होतो आणि कोणाचा पत्ता कोणाच्या हाती पडत नाही.

पूर्वाध्यक्ष

हिशेबनीस यांनी कायदा नीट मांडला आहे आणि त्यातल्या कशालाही माझा विरोध नाही. तरीही कार्यकारिणीची बाजू कोणी तरी मांडली पाहिजे, कारण मी स्वतः दुसऱ्या एका मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले आहे.

मताधिकार असलेले सभासद म्हणजे केवळ एक दिवसाची निवडणूक नव्हे. प्रत्येक सभेची सूचना दहा ते नव्वद दिवसांच्या खिडकीत पाठवणे, मतदारयादी अद्ययावत ठेवणे, उमेदवारीची आणि निवडणुकीची वाजवी पद्धत ठेवणे, ही सगळी जबाबदारी दिवसा नोकरी करून रात्री मंडळाचे काम करणाऱ्या चार-पाच जणांवर येते. त्यात चूक झाली तर निवडणुकीच्या वैधतेलाच आव्हान मिळू शकते. वर्गणी भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना गणपती, दिवाळीची मैफल आणि नाटकाच्या तिकिटात मिळणारी सवलत हवी असते. मतदान नको असते. अशा वेळी सभासदरहित रचना हा प्रामाणिक पर्याय आहे, आणि अमेरिकेतील असंख्य धर्मादाय संस्था तशाच चालतात. संचालकांना मर्यादित मुदत घातली, नेमणुकीसाठी स्वतंत्र समिती ठेवली आणि हिशेब दरवर्षी जाहीर केले, तर अशी संस्था बंदिस्त होईलच असे नाही.

फक्त हे सभासदांना विचारून झाले पाहिजे. विचारले असते तर कदाचित बहुमत मिळालेही असते.

ह्यूस्टनकर

एक सावधगिरीची सूचना, कारण हा धागा इतर राज्यांतील मंडळींच्याही वाचनात येईल. वर दिलेली कलमे कॅलिफोर्नियाची आहेत आणि ती सीमेपलीकडे चालत नाहीत.

आमच्याकडे टेक्सासमध्ये बिझनेस ऑर्गनायझेशन्स कोडचे २२वे प्रकरण लागू होते. तिथेही संस्थेला सभासद असू शकतात किंवा नसूही शकतात, पण घटना गप्प असेल तर गणसंख्या एकूण मतांच्या एकदशांश धरली जाते आणि विशेष सभेसाठीही एकदशांश मतांची मागणी लागते. न्यूयॉर्कमध्ये धर्मादाय स्वरूपाच्या कॉर्पोरेशनला सभासदांशिवाय राहता येते. धर्मादाय नसलेल्या ना-नफा कॉर्पोरेशनला मात्र सभासद असावेच लागतात. तेव्हा एका मंडळाची घटना दुसऱ्या राज्यातील मंडळाने जशीच्या तशी उचलण्याचा जो प्रघात आपल्याकडे आहे, तो धोक्याचा आहे. न्यू जर्सीची घटना घेऊन सॅन होजेमध्ये मंडळ काढले, तरी अर्थ लावताना न्यायाधीश कॅलिफोर्नियाचाच कायदा उघडणार.

पुण्याहून

अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवण्याची सवय इथूनच तिकडे गेलेली दिसते. आमच्याकडे अनेक संस्थांच्या घटनेत आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींत गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभेसाठी स्वतंत्र तरतूद असते, त्यामुळे ती पद्धत सगळीकडे कायदेशीरच असते असा समज होतो. थकबाकीदाराला मत नाही, हाही आपल्याकडचा पक्का समज आहे आणि त्याला १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १५ चा आधार आहे: वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली असेल तर त्या सभासदाला मत देता येत नाही. कॅलिफोर्नियात याबाबत काय आहे हे जाणून घ्यायला आवडेल.

दक्षिणखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. घटना पुन्हा वाचली. आमच्याकडे वेगळे विश्वस्त मंडळ नाही. कार्यकारिणी हेच संचालक मंडळ आहे असे तिसऱ्या कलमात लिहिलेले आहे. तहकूब सभेसाठी वेगळ्या गणसंख्येचा उल्लेख कुठेही सापडला नाही.

आणखी तीन शंका आहेत. कौटुंबिक सभासदत्वाला एक मत की दोन, याबद्दल घटना काहीच म्हणत नाही आणि दर निवडणुकीला दारावर यावरून वाद होतो. दुसरे, संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दारातच सभासदत्व विकले जाते, आणि तासाभरापूर्वी वर्गणी भरलेली माणसे मतदान करतात. हे चालते का? तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एका वयस्कर सभासदाने वास्तुनिधीच्या हिशेबाविषयी सर्वांना पत्र लिहिले, तर "मंडळाच्या प्रतिमेला बाधा" असे कारण देऊन त्यांचे आजीव सभासदत्व रद्द केले गेले. त्यांना आधी काही कळवले नव्हते. त्या काकांनी मंडळाच्या पहिल्या गणपतीसाठी स्वतःच्या गॅरेजमध्ये आरास केली होती, आणि यंदा ते कार्यक्रमाला आले नाहीत.

हिशेबनीस

क्रमाने घेतो, पण काकांचा विषय आधी, कारण त्याला कालमर्यादा आहे.

सभासदाला काढून टाकणे, निलंबित करणे किंवा त्याचे सभासदत्व संपवणे हे सद्भावनेने आणि न्याय्य, वाजवी पद्धतीनेच झाले पाहिजे, असे कलम ५३४१ सांगते. कोणती पद्धत न्याय्य धरली जाईल तेही तिथेच दिले आहे: पद्धत घटनेत लिहिलेली असावी किंवा सभासदांना दरवर्षी कळवली जात असावी, कारणांसह किमान १५ दिवसांची पूर्वसूचना मिळावी, आणि निर्णय लागू होण्याच्या किमान पाच दिवस आधी तोंडी किंवा लेखी म्हणणे मांडण्याची संधी, निर्णय बदलण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर किंवा समितीसमोर मिळावी. न्यायालय इतर परिस्थितीही विचारात घेऊ शकते, पण सूचनाच नाही आणि सुनावणीच नाही हे टिकणे अवघड आहे. या कारवाईला आव्हान द्यायचे असेल तर ती झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावे लागते. म्हणून त्यांच्या पत्रावरची तारीख आजच बघा. कार्यकारिणीला विनंती करून तो ठराव मागे घेतला गेला आणि मग हवी तर रीतसर सुनावणी ठेवली गेली, तर सगळ्यांचाच मान राहील.

पुण्याच्या वाचकांनी विचारलेल्या थकबाकीबाबत: मुदतीचे सभासदत्व मुदत संपली की नूतनीकरणाअभावी आपोआप संपते, त्याला सुनावणी लागत नाही. तीन महिन्यांच्या सवलतीसारखा नियम हवा असेल तर तो घटनेत लिहावा लागतो.

अर्ध्या तासाच्या सभेविषयी स्पष्ट सांगतो. घटनेत दुसरे काही नसेल तर कॅलिफोर्नियात गणसंख्या मतशक्तीच्या एकतृतीयांश असते, आणि तुमच्या घटनेतही तीच आहे. ती नसताना हजर सभासद सभा तहकूब करू शकतात, इतर कामकाज करू शकत नाहीत. तहकूब सभेसाठी वेगळी गणसंख्या तुमच्या घटनेत नाही, तेव्हा अर्ध्या तासाने ती माफ होत नाही. जुन्या निवडणुका आता उकरून काढू नयेत असे माझे मत आहे. निवडणुकीला आव्हान देण्याची मुदत नऊ महिन्यांची आहे आणि ते करून कोणाचे भले होणार नाही. पण पुढची निवडणूक नीट व्हावी यासाठी दोन उपाय हाताशी आहेत. घटनेत दुरुस्ती करून गणसंख्या कमी करता येते. मात्र प्रत्यक्ष उपस्थिती एकतृतीयांशापेक्षा कमी असलेल्या वार्षिक सभेत ज्या विषयांची सर्वसाधारण सूचना आधी दिली होती त्यांवरच मतदान होऊ शकते. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: घटनेने मनाई केली नसेल तर कलम ५५१३ प्रमाणे सभेशिवाय लेखी मतपत्रिकेने निर्णय घेता येतो. मतपत्रिकेत प्रस्ताव, होय-नाही असे दोन्ही पर्याय, परत पाठवण्याची वाजवी मुदत, गणसंख्येसाठी किती उत्तरे लागतील आणि मंजुरीला किती टक्के मते लागतील हे लिहावे लागते. परत आलेल्या मतपत्रिका गणसंख्येइतक्या भरल्या पाहिजेत. ज्यांनी ईमेलने पत्रव्यवहाराला संमती दिली आहे त्यांना ती ईमेलने पाठवता येते. ज्यांना संक्रांतीच्या मध्यंतरात मुलांना सांभाळत सभेला थांबता येत नाही, ते घरी बसून शांतपणे मत देऊ शकतात, आणि माझ्या अनुभवात उत्तरे कितीतरी अधिक येतात. सभासदरहित रचनेचा प्रस्तावही कार्यकारिणीने असाच, ४५ दिवसांची सूचना देऊन, सर्वांपुढे ठेवावा. पूर्वाध्यक्षांनी मांडलेली कारणे सोबत जोडली तर सभासद ती गांभीर्याने वाचतील.

कौटुंबिक सभासदत्वाचे उत्तर कायद्यात आहे. कलम ५३१२ प्रमाणे एका व्यक्तीला एकाहून अधिक सभासदत्वे घेता येत नाहीत आणि सभासदत्वाचे तुकडे करता येत नाहीत, परंतु घटनेने परवानगी दिली असेल तर दोन किंवा अधिक व्यक्ती मिळून एकच अविभाज्य सभासदत्व धारण करू शकतात. अशा सभासदत्वाला, घटनेत वेगळे काही नसेल तर, एकच मत असते. दोघांपैकी एकानेच मत दिले तर ते दोघांनाही बांधील ठरते. नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्र मत असावे असे मला स्वतःला वाटते. मग घटनेत "कौटुंबिक वर्गणीत दोन प्रौढ व्यक्तींचे दोन स्वतंत्र सभासदत्व समाविष्ट आहे" असे सरळ लिहावे आणि यादीत दोघांचीही नावे घ्यावीत.

दारावरच्या सभासदांबाबत: नोंदीची तारीख, म्हणजे ज्या दिवशी यादीत असलेल्यांनाच मत मिळते तो दिवस, ठरवलेली नसेल तर सभेच्या दिवशी जे पात्र सभासद आहेत त्या सर्वांना मत देता येते, त्यामुळे आजवर तसे करणारे चुकले असे म्हणता येणार नाही. ते थांबवायचे असेल तर मतदानासाठी नोंदीची तारीख आधीच निश्चित करावी. कलम ५६११ नुसार ती सभेच्या साठ दिवसांहून अधिक आधीची असू शकत नाही. संक्रांतीची सभा जानेवारीच्या मध्यावर होत असेल तर १ डिसेंबर ही तारीख त्या मर्यादेत बसते, आणि ती दिवाळीच्या कार्यक्रमातच सर्वांना जाहीर करता येईल.